पाच स्पीकर, एक डबा आणि बाबांचे कान

हा आपल्या या आठवड्याच्या एपिसोडचा लेखी अवतार. लोकलमध्ये इअरफोन विसरलेल्यांसाठी. बोललो तसंच ठेवलंय, फक्त माझे 'काय होतं ना' थोडे कापलेत. आणि ज्यांनी ऐकलंय त्यांच्यासाठी एक खुलासा: रेकॉर्डिंगमध्ये मागे जो सतत खडखडाट येतो तो माइकचा दोष नाही. मी भिवंडीत, धामणकर नाक्याजवळ राहतो. तो लूमचा आवाज आहे.

भिवंडी तुम्हाला बहुतेक पार्सलच्या ट्रॅकिंगमधून माहीत असेल. मागवलेली वस्तू दोन दिवस 'भिवंडी' दाखवत अडकून बसते ना, तीच ही. मानकोली, पूर्णा, राहनाळ या पट्ट्यात गोदामांच्या रांगाच रांगा आहेत. पण आमच्या नाक्याची खरी ओळख पॉवरलूम. पद्मानगरच्या बाजूला गेलात की तेलुगू पाट्या दिसतात, तिथल्या पद्मशाली विणकरांच्या कित्येक पिढ्या या धंद्यात गेल्या. माझे बाबा पण लूमवरच. आधी माग चालवायचे, नंतर मिस्त्री झाले, म्हणजे बिघडलेला लूम खोलून परत चालू करणारे. एकूण तीस वर्षं.

आता विषय. मागच्या महिन्यात तिघांनी साधारण एकच मेसेज पाठवला. घरी जुना होम थिएटर पडलाय, डीव्हीडीवाला, पाच छोटे स्पीकर आणि एक वूफर. भंगारात देऊ का? साउंडबार घेऊ का? मी उत्तर द्यायला बसलो आणि लक्षात आलं की याचं उत्तर माझ्याच घरात टीव्हीखाली ठेवलंय.

2011 च्या दिवाळीत बाबांनी तो घेतला. मी आठवीत होतो. 'ऑल-इन-वन' म्हणजे काय, तर एकाच डब्यात डीव्हीडी प्लेअर, एफएम रेडिओ, डॉल्बीचा डिकोडर आणि सगळ्या स्पीकरना ताकद देणारा अॅम्प्लिफायर. खोक्यातून निघाले पाच स्पीकर, एक वूफर, रंगीत टोकांच्या वायरी. निळी वायर निळ्यात, हिरवी हिरव्यात. दुकानदार म्हणाला होता, लहान पोरगं पण जोडेल. लहान पोरगं मीच होतो, आणि मी जोडला. गल्लीतले अर्धे लोक त्या रात्री आमच्या दहा बाय बाराच्या खोलीत बसून पिक्चर बघत होते.

या एकत्रपणाचा फायदा खराच मोठा होता. सुटे घटक घ्यायचे तर रिसीव्हर वेगळा, स्पीकर वेगळे, वूफर वेगळा, प्लेअर वेगळा, आणि हे सगळं एकमेकांशी जुळवणारा जाणकार माणूस वेगळा. ती भानगड मध्यमवर्गाच्या खाली परवडणारीच नव्हती. डब्याने ती एका रिमोटवर आणली. किंमत काय मोजली, ते हळूहळू कळत गेलं.

थोडं तांत्रिक होणार आहे, पण पळू नका.

5.1 मधले पाच म्हणजे समोर डावा, समोर उजवा, समोर मधला, आणि मागे दोन. पॉइंट एक म्हणजे वूफरसाठीचा वेगळा चॅनेल. त्याला पूर्ण एक न म्हणता दशांश म्हणतात, कारण त्यात फक्त 120 हर्ट्झपर्यंतचा खोल आवाज असतो, बाकीच्यांसारखा पूर्ण पट्टा नसतो. थिएटरमध्ये डॉल्बी डिजिटल पहिल्यांदा आलं ते 1992 साली, 'बॅटमन रिटर्न्स'सोबत. पुढे डीव्हीडीतून ते घराघरात उतरलं.

(इथे एक गंमत सांगितल्याशिवाय राहवत नाही. आपल्याकडे गणपतीच्या मिरवणुकीत 'डॉल्बी' लावतात आणि मग पोलीस 'डॉल्बीमुक्त' मिरवणुकीचं आवाहन करतात. त्या भिंतीएवढ्या स्पीकरांचा डॉल्बी कंपनीशी काही संबंध नसतो. रे डॉल्बी या माणसाने 1965 मध्ये लंडनमध्ये कंपनी काढली ती टेपमधली खरखर कमी करायला. गोंगाट घटवणाऱ्याचं नाव मराठीत गोंगाटाला चिकटलं. बिचारा.)

या पाचांत सगळ्यात महत्त्वाचा कोण? लोक म्हणतात वूफर, कारण तो छातीत वाजतो. माझं उत्तर: मधला. सेंटर स्पीकर. सिनेमातले जवळजवळ सगळे संवाद त्यातून येतात. संगीत आणि मारामारी डावीकडे उजवीकडे पसरलेली असते, माणसं मात्र मधून बोलतात. आणि आमच्या घरात सात-आठ वर्षं नेमका हाच स्पीकर मुका होता. मी बीटेक झालो, ऐरोलीत सॉफ्टवेअरच्या नोकरीला लागलो, तरी तो मुकाच. आणि ते मला कळलंही नव्हतं.

झालं असं. डीव्हीडी बघणं आधी कमी झालं, मग बंद झालं. एक दिवस चक्री आत घेऊन डबा नुसता 'रीडिंग' दाखवत बसला. नाक्यावरच्या रिपेअरवाल्या चाचांकडे नेला. त्यांनी झाकण उघडलं, आत बोट फिरवलं आणि मला दाखवलं. "बेटा, ये तो रुई है." खरंच, लेन्सवर, पंख्यावर, सगळीकडे पांढरी मऊ साय. कापसाचे तंतू. लूमच्या वस्तीत ते हवेतच असतात, बाबांच्या शर्टावरून घरात येतात. चाचांनी लेन्स पुसली, काही महिने चालली, मग गेलीच. पण अॅम्प्लिफायर धडधाकट होता. मग मी टीव्हीच्या मागून लाल-पांढरी वायर काढून डब्याच्या 'ऑडिओ इन'ला लावली. आवाज आला. विषय संपला असं मला वाटलं.

लाल-पांढऱ्या वायरीतून दोनच चॅनेल जातात, डावा आणि उजवा. डबा 'टू चॅनेल'वर ठेवला असेल तर तो इमानदारीत दोनच स्पीकर आणि वूफर वाजवतो. आवाज भरपूर येतो, म्हणून शंका येत नाही.

शंका आली ती घरातल्या भांडणामुळे. बाबांना टीव्ही मोठा लागायचा. व्हॉल्यूम 32. आई म्हणायची, "अहो, खालच्यांना पण हाच पिक्चर बघायचाय का?" बाबा कमी करायचे, दोन मिनिटांनी मला विचारायचे, "काय बोलला रे तो?" मी सांगायचो. परत, "काय म्हणाली ती?" पुढे पुढे मी चिडून उत्तर द्यायला लागलो. हे बोलायला लाज वाटते, पण दिलंय. मग त्यांनी विचारणंच सोडलं. नुसते बघत बसायचे. आणि एक दिवस जेवण झाल्यावर टीव्हीसमोर न बसता गॅलरीत जाऊन बसले. म्हणाले, "मला नाही आवडत हल्लीचे पिक्चर."

मी आधी सगळा दोष डब्याला दिला. 1000 वॅट लिहिलंय आणि माणसाचं बोलणं कळत नाही? नवीन साउंडबार घ्यायचा म्हणून मॉडेलसुद्धा निवडलं. मग घ्यायच्या आधी, इंजिनिअरची खोड म्हणून, जुन्याच डब्याच्या मागची पट्टी टॉर्च लावून वाचली.

पहिला शोध वॅटचा. पुढे 1000 वॅट, मागे विजेचा वापर 135 वॅट. आता तो आकडाही पूर्ण सत्य नसतो, मध्यम आवाजाला मोजलेला असतो, आणि क्षणभराचा धमाका डबा त्याहून जास्त देऊ शकतो. पण पुढचे 1000 सतत मिळत नाहीत एवढं नक्की. बऱ्याचदा हे आकडे आवाज फाटायला लागल्यावरचे, दहा टक्के विकृतीला मोजलेले असतात. आणि 'पीएमपीओ' लिहिलं असेल तर तो आकडा वाचूच नका, त्याची कुठे ठरलेली व्याख्याच नाही. 'आरएमएस' बघा. शिवाय ताकद दुप्पट केली की आवाज फक्त तीन डेसिबलने वाढतो. कानाला दुप्पट वाटायला साधारण दहापट ताकद लागते. म्हणजे 100 वॅट आणि 1000 वॅट यांच्यात खरा फरक 'दुप्पट मोठा' एवढाच. बोलणं कळण्याशी त्याचा काही संबंध नाही.

दुसरा शोध म्हणजे डोक्याला हात. डब्याच्या मागे एकच एचडीएमआय सॉकेट, 'आउट' लिहिलेलं, आणि त्याच्याखाली मुंगीएवढ्या अक्षरांत 'एआरसी'. म्हणजे ऑडिओ रिटर्न चॅनेल. 2009 साली एचडीएमआयच्या 1.4 आवृत्तीत हे आलं. डीव्हीडीचं चित्र ज्या वायरीने टीव्हीकडे जातं, त्याच वायरीने टीव्हीचा आवाज उलटा डब्याकडे येतो. ती वायर आमच्याकडे लागलेलीच होती! फक्त टीव्हीच्या चुकीच्या सॉकेटमध्ये. टीव्हीला तीन एचडीएमआय होती, एआरसी त्यातल्या एकाच सॉकेटला होतं. शेजारच्या सॉकेटमध्ये वायर लावायला मला वीस सेकंद लागली.

तुमच्याकडे असा डबा असेल तर एवढ्यावर थांबू नका, टीव्हीच्या सेटिंगमध्येही जावं लागतं. 'एचडीएमआय सीईसी' चालू करा (प्रत्येक कंपनीने त्याला आपलं वेगळं बारसं केलंय), आवाज बाहेरच्या सिस्टिमवर टाका, आणि डिजिटल आउटपुट 'पीसीएम' असेल तर ते 'डॉल्बी डिजिटल' किंवा 'ऑटो' करा. पीसीएमवर राहिलं तर एआरसीतूनही दोनच चॅनेल येतात. ओटीटीवर आवाज बहुतेक डॉल्बी डिजिटल प्लसमध्ये असतो, जुन्या डब्यांना तो कळत नाही. पण बरेच टीव्ही तो आपणच साध्या डॉल्बी डिजिटलमध्ये बदलून देतात. आमच्याने दिला. ओठ आणि आवाज यांत थोडं अंतर पडलं, ते 'एव्ही सिंक'मधून जुळलं.

डब्याला एआरसी नसेल आणि ऑप्टिकल सॉकेट असेल तर तेही चालतं, डॉल्बी डिजिटल त्यातून नीट जातं. दोन्ही नसेल तर लाल-पांढरी ठेवा, पण डब्याच्या रिमोटवर 'प्रो लॉजिक' शोधा. ही माझी आवडती आयडिया आहे. डाव्या आणि उजव्या चॅनेलमध्ये जे अगदी सारखं आहे ते मधल्या स्पीकरला, जे एकमेकांच्या उलट आहे ते मागच्यांना. नुसती बेरीज-वजाबाकी. संवाद सहसा दोन्हीकडे सारखे असतात, म्हणून ते आपोआप मध्ये गोळा होतात. केबलच्या मराठी चॅनेलला आम्ही आजही हेच वापरतो.

तर, वायर बदलली, टीव्हीखालचा तो धूळ खाल्लेला सेंटर स्पीकर बोलायला लागला. मी त्याची पातळी डब्याच्या मेनूतून चार डेसिबलने वाढवली. खाली एक घडी घातलेला पुठ्ठा सरकवून त्याचं तोंड वर केलं, कारण तो इतकी वर्षं बाबांच्या गुडघ्यांशी बोलत होता. वूफर कोपऱ्यातून बाहेर काढला. या डब्यांचे स्पीकर एवढेसे असतात की पुरुषी आवाजाचा खालचा भागही वूफरकडे ढकलला जातो, आणि वूफर कोपऱ्यात असेल तर दोन भिंती मिळून तो फुगवतात. मग संवाद मडक्यातून आल्यासारखे वाटतात. 'ऑडिओ डीआरसी' चालू केलं, काही डब्यांत याला नाइट मोड म्हणतात. त्याने धमाके दबतात, कुजबुज वर येते.

बाबांना गॅलरीतून बोलावलं. व्हॉल्यूम 19. त्यांनी दहा मिनिटं काहीच विचारलं नाही. मला वाटलं परत कंटाळले. मग एका विनोदावर ते हसले, माझ्या आधी.

इथे खरं तर एपिसोड संपवायला हवा होता. पण त्या रात्री 'सैराट' लावला. शेवट आठवतोय ना? तो शेवटचा प्रसंग सगळा निःशब्द आहे. त्या शांततेत मला वूफरमधून बारीक 'हूं' ऐकू आलं, केबलच्या सेट-टॉप बॉक्सच्या वायरीतून येणारा अर्थिंगचा हम. ती वायर काढली की तो थांबत होता. मी बाबांना विचारलं, "हा आवाज किती वर्षं येतोय?" ते म्हणाले, "कुठला आवाज?" हम ऐकू येत नसेल असं एकवेळ समजू. मग मी मोबाइलवर फ्रिक्वेन्सी वाजवणारं अॅप काढलं. हजार हर्ट्झ, ऐकू आलं. दोन हजार, आलं. चार हजार लावलं. माझ्या कानात शिट्टी वाजत होती. बाबा माझ्या तोंडाकडे बघत होते. "लाव ना," म्हणाले.

असली अॅप म्हणजे तपासणी नव्हे, मोबाइलचा स्पीकर काहीही करतो. म्हणून ठाण्याला कानाच्या डॉक्टरांकडे नेलं. ऑडिओग्रामच्या कागदावर दोन्ही कानांची रेघ चार हजार हर्ट्झपाशी विहिरीसारखी खाली गेली होती. डॉक्टरांनी बघताक्षणी विचारलं, "काम कुठं करता?"

गोंगाटाने कान जातो तो असाच जातो, तीन ते सहा हजारांच्या पट्ट्यात आधी. आणि आपल्या बोलण्यातले स, श, त, थ, फ या व्यंजनांची ओळख वरच्याच पट्ट्यात असते. स्वर खाली असतात. म्हणून अशा माणसाला 'आवाज येतो पण शब्द कळत नाहीत'. व्हॉल्यूम वाढवला की स्वर अजून मोठे होतात आणि व्यंजनं तिथेच राहतात. बाबा 32 वर का नेत होते आणि तरी का विचारत होते, ते त्या कागदावर दिसत होतं.

लूमच्या शेडमध्ये आवाज शंभर डेसिबलच्या आसपास असतो. आपल्या कारखाना नियमांप्रमाणे 90 डेसिबलला आठ तास ही मर्यादा आहे, 95 ला चार तास, 100 ला फक्त दोन. लूमची पाळी बारा तासांची. गोंगाटाने येणारा बहिरेपणा कायद्यात व्यावसायिक रोग म्हणून नोंदलेला आहे. बाबांना तीस वर्षांत कानात घालायला कुणी काही दिलं नाही. कापसाचा बोळा मात्र फुकट मिळायचा, तो घातला की लूमचा बिघाड ऐकू येत नाही म्हणून मिस्त्री लोक तो काढून ठेवायचे. बाबा अजूनही अभिमानाने सांगतात, आवाजावरून कुठला लूम बिघडलाय ते कळायचं. ते खरंच आहे.

आता तुमचा प्रश्न, विकू का? अॅम्प्लिफायर चालू असेल आणि मागे एआरसी किंवा ऑप्टिकल असेल तर नका विकू. प्लेअर मेला म्हणून डबा मेला असं नाही. पण त्यात नवीन पैसे घालू नका. कारण ऑल-इन-वनची मेख इथे आहे: त्या दिवशी अॅम्प्लिफायरचा बोर्ड गेला की सहाच्या सहा स्पीकर अनाथ. त्यांचे प्लग त्या डब्यालाच बसणारे. बहुतेकांचा रोध तीन ओहमच्या आसपास, आणि साध्या अॅम्प्लिफायरला तो झेपत नाही, तो तापून बंद पडतो. वूफरला स्वतःची वीज नसते, त्यामुळे तोही दुसरीकडे जोडता येत नाही. पाच स्पीकर दिसतात, पण ती खरं तर एकच वस्तू आहे. डबा हवेशीर ठेवा, आणि लूमच्या वस्तीत राहत असाल तर दर चार-सहा महिन्यांनी प्लग काढून मागची जाळी ब्रशने झाडा.

साउंडबार घ्यायचाच असेल तर हे लक्षात ठेवा की तोही ऑल-इन-वनच आहे, फक्त बारीक झालेला. मागे 'वायरलेस' स्पीकर असतात त्यांनाही विजेचा प्लग लागतोच, आमच्या खोलीत मागच्या भिंतीला एक बोर्ड, आणि तो फ्रिजचा. घरात कुणाला कमी ऐकू येत असेल तर वॅट बघू नका. वेगळा सेंटर चॅनेल आहे का आणि त्याची पातळी वेगळी वाढवता येते का, ते दुकानात विचारा. नुसता 2.1 असेल तर नाही.

आणि कुणी घरात सारखं "काय म्हणाला?" विचारत असेल, तर डबा उघडायच्या आधी कान तपासा. मी उलट्या क्रमाने गेलो. सेंटर स्पीकरने आम्हाला व्हॉल्यूम 19 वर आणलं, पण गेलेलं परत येत नाही, आणि रिक्षावाला काय म्हणतो हे सांगायला बाबांसोबत सेंटर स्पीकर फिरत नाही.

श्रवणयंत्राची ट्रायल पुढच्या गुरुवारी आहे. बाबा आधी नाही म्हणत होते, लोक काय म्हणतील वगैरे. काल संध्याकाळी स्वतःच विचारलं, "त्याला रिमोट असतो का?" म्हटलं, मोबाइलवरूनच होतं सगळं. "मग आईच्या आवाजाची पातळी वेगळी करता येईल?" आई स्वयंपाकघरातून म्हणाली, "ऐकलंय मी."